पिवळ्या चोचीचा इतिहास

इसवी सन ५३३ च्या डिसेंबरात सम्राट जस्टिनियनने कायदा शिकवणाऱ्या आठ अध्यापकांना उद्देशून एक फर्मान काढले. रोमन कायद्याचा शतकानुशतकांचा पसारा आवरून 'डायजेस्ट' हा पन्नास भागांचा ग्रंथ नुकताच सिद्ध झाला होता. आता तो शिकवायचा कसा, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात कोणत्या वर्षी कोणता भाग घ्यायचा, याची तपशीलवार आखणी या फर्मानात आहे. विषय रूक्ष आहे आणि भाषा राजदरबारी. मात्र शेवटाकडे येता येता सम्राटाचा स्वर एकाएकी बदलतो. कॉन्स्टँटिनोपल आणि बेरुत या दोन नगरांतील विद्यार्थी नव्याने आलेल्या मुलांशी जे 'खेळ' खेळतात ते नीच आहेत, गुलामांना शोभणारे आहेत आणि यापुढे कोणीही ते खेळू नयेत, असे तो बजावतो. ज्यातून गुन्हे घडतात त्याला खेळ म्हणावे तरी कसे, असाही त्याचा सवाल आहे. युरोपच्या पुढील हजार वर्षांच्या विधिविचाराचा पाया ज्या ग्रंथाने घातला, त्याच्या प्रस्तावनावजा पत्रात वसतिगृहातल्या दांडगाईचा बंदोबस्त करावा लागला, ही गोष्ट मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आली आहे.

याच फर्मानात आणखी एक बारीकशी नोंद आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तोवर 'दुपाँदी' म्हणत. दुपाँदियस हे रोमनांचे एक हलके नाणे. तेव्हा दुपाँदी म्हणजे आपल्याकडच्या भाषेत 'दिडदमडीचे'. हे नाव पोरकट आणि हास्यास्पद आहे, यापुढे या मुलांना 'नवे जस्टिनियन' म्हणावे, अशी आज्ञा सम्राटाने केली. त्यात आत्मप्रौढी आहेच. परंतु छळाची सुरुवात नाव हिरावून घेण्यापासून होते, एवढे त्याने किंवा त्याच्या मंत्र्याने अचूक हेरले होते. अंमलबजावणीची जबाबदारीही मोघम ठेवलेली नाही. राजधानीत नगरप्रमुखाने पाहावे. बेरुतमध्ये प्रांताच्या अधिकाऱ्याने, बिशपने आणि खुद्द अध्यापकांनी. एका वसतिगृहाच्या शिस्तीसाठी शासन, धर्मपीठ आणि गुरुजन असे तिघेही लागावेत, यावरून दुखणे किती जुनाट असेल याची कल्पना येते.

दुखणे खरोखरच जुने होते. त्याआधी सुमारे पावणेदोनशे वर्षे अथेन्समध्ये वक्तृत्वशास्त्र शिकायला येणाऱ्या तरुणांचे काय होई, याचे वर्णन नाझियान्झसच्या ग्रेगरीने करून ठेवले आहे. पुढे हा ख्रिस्ती धर्मपरंपरेतला मोठा आचार्य गणला गेला, परंतु इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या मध्यावर तो अथेन्समधला एक विद्यार्थीच होता. अथेन्समध्ये अध्यापकांच्या चढाओढी असत आणि त्यांचे शिष्य बंदरावर, रस्त्यांवर दबा धरून नवे विद्यार्थी अक्षरशः पकडून आणत. लिबानियस हा पुढे नामवंत झालेला वक्ता इसवी सन ३३६ मध्ये एका अध्यापकाकडे शिकायचे ठरवून आला आणि दुसऱ्याच्याच शिष्यांच्या हाती लागला. शपथ घेईपर्यंत त्यांनी त्याला रांजणाएवढ्या जागेत कोंडून ठेवले. पकडून आणलेल्याची आधी सर्वांनी मिळून वादविवादात टर उडवायची, मग जोड्याजोड्यांनी मिरवत त्याला बाजारपेठेतून स्नानगृहाकडे न्यायचे. दाराशी पोचताच सगळे एकदम थबकत, आरडाओरडा करत, स्नानगृह आपल्याला आत घेत नाही असा आव आणून दरवाजा बडवत. मुलाची पुरेशी घाबरगुंडी उडाली की दार उघडे. स्नान करून तो बाहेर आला म्हणजे इतरांच्या बरोबरीचा.

हे सांगताना ग्रेगरी म्हणतो की, अजाणत्याला हा प्रकार भयंकर वाटतो, जाणत्याला मात्र तो गमतीचा आणि स्नेहाचाच आहे, त्यातला धाक बराचसा दिखाऊ असतो. परंतु पुढच्याच ओघात तो अभिमानाने सांगतो की आपला मित्र बेसिल अथेन्सला आला तेव्हा आपण शब्द टाकला आणि त्याला या सगळ्यातून वगळून घेतले. ज्यात काहीच वावगे नाही, त्यातून आपल्या सर्वांत प्रिय मित्राला सोडवण्याची धडपड माणूस कशाला करील? या प्रथेची बाजू मांडणारे पुढच्या प्रत्येक काळात भेटतात, आणि त्यांच्या बोलण्यात ही फट हटकून सापडते. युनेपियस नावाच्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याची हकीकतही अशीच बोलकी आहे. तो अथेन्सला पोचला तेव्हा तापाने फणफणलेला होता. प्रोहायरेसियस या त्याच्या गुरूने शिष्यांना सांगितले की याला स्नानाला न्या, पण चेष्टा नको. आणि ती झाली नाही. गुरूच्या एका वाक्याने जे थांबते, ते इतर दिवशी कोणाच्या मूकसंमतीने चालत होते हे वेगळे सांगायला नको.

मध्ययुगीन विद्यापीठे उभी राहिली तेव्हा या नवागताला एक नवे नाव मिळाले. फ्रेंचमध्ये 'बेक झोन' म्हणजे पिवळी चोच, घरट्यातून नुकतेच बाहेर पडलेले पिल्लू. त्याचे लॅटिन झाले 'बेजाउनुस' आणि जर्मन विद्यापीठांत 'बेआनुस'. पॅरिस विद्यापीठाने १३४२ मध्येच या पिल्लांकडून पैसे उकळण्यावर निर्बंध घातले होते. एव्हाना छळाचे अर्थकारणही पक्के झाले होते. नवागताने आपल्या 'शुद्धी'ची किंमत मेजवानीच्या रूपाने मोजायची, आणि मेजवानी झडायची ती जुन्यांची.

या प्रथेचे सर्वांत सविस्तर चित्र १४८० च्या सुमारास छापलेल्या 'मॅन्युआले स्कोलारियम' या पुस्तिकेत आहे. विद्यार्थ्यांना लॅटिन संभाषण शिकवणारे हे संवादांचे पुस्तक. म्हणजे व्याकरणाच्या निमित्ताने ही प्रथाही पाठ्यपुस्तकात जाऊन बसली होती! दोन जुने विद्यार्थी नवागताच्या खोलीत शिरतात आणि नाके दाबतात. इथे कसली घाण येते आहे? प्रेत सडले आहे काय? मग त्यांना तो 'दिसतो'. हा तर पशू! याला शिंगे आहेत, बैलासारखे कान आहेत, रानडुकरासारखे सुळे बाहेर आले आहेत. त्याच्यावर दया करून वैद्याला बोलावण्याचे नाटक होते. करवतीने शिंगे कापायची, पकडीने सुळे उपटायचे, घाणेरड्या गोळ्या गिळायला लावायच्या, दाढी करायची. शेवटी एकजण पाद्री होऊन त्याच्याकडून पापांची कबुली घेतो, आणि प्रायश्चित्त काय, तर सर्वांना उत्तम मद्यासह भोजन. मराठीत शिंगे मोडून वासरांत शिरणारा माणूस वयाने थोराड असतो. इथे उलट आहे, शिंगे कापली म्हणजे वासरू माणसांत येते.

पुढे जर्मन विद्यापीठांनी हा प्रकार बंद करण्याऐवजी आपल्या ताब्यात घेतला. 'देपोझिशियो', म्हणजे शिंगे उतरवण्याचा विधी, हा प्रवेशाचाच एक भाग ठरला. त्यासाठी विद्यापीठाचा नेमलेला अधिकारी असे, लाकडी करवती, रंधे, कुऱ्हाडी, चिमटे अशी अवजारे असत, शुल्क असे आणि विधी पार पडल्यावर तसा दाखलाही मिळे. मुलाला शिंगांची टोपी घालायची, दातांत सुळे धरायला लावायचे, सुताराने ओंडका तासावा तसे त्याला तासायचे, शेवटी जिभेवर मीठ आणि डोक्यावर मद्य. मीठ शहाणपणाचे, मद्य आनंदाचे. विटेनबर्गमध्ये खुद्द मार्टिन ल्यूथरने असे विधी चालवले आणि मुलांना त्याचा अर्थ सांगितला की, हे तुमच्या पुढच्या आयुष्यातील यातनांचे प्रतीक आहे, माणसाला जन्मभर असेच तासले जायचे असते. पोपच्या सत्तेने लादलेल्या कर्मकांडांवर ज्याने कोरडे ओढले त्याच ल्यूथरला विद्यार्थ्यांच्या या कर्मकांडात मात्र तत्त्वज्ञान सापडले. एखाद्या क्रूर रूढीला उदात्त अर्थ चिकटवून देणे हे विद्वानांचे फार जुने काम आहे. आपल्याकडची उदाहरणे वाचकांना मी सांगायला नकोत.

तरीही देपोझिशियोच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. त्याला शेवट होता. आर्नोल्द व्हान जेनेप या अभ्यासकाने १९०९ मध्ये अशा संस्कारांची तीन अंगे सांगितली. आधी माणसाला त्याच्या जुन्या जगातून तोडायचे, मग त्याला अधांतरी ठेवायचे, अखेरीस नव्या जगात सामावून घ्यायचे. मराठी वाचकाला हे समजायला मौंजीबंधन डोळ्यांसमोर आणले तरी पुरे. मातृभोजन, क्षौर, भिक्षा आणि मग गुरुगृही प्रवेश, हाच तो क्रम. (मुंज कोणाची होई आणि कोणाची होत नसे, हा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे.) पण दोहोंतला भेद पाहण्यासारखा आहे. मुंजीत बटूला दीक्षा देतो तो आचार्य, गेल्या वर्षी मुंज झालेला शेजारचा मुलगा नव्हे. विद्यार्थ्यांच्या प्रथेत मात्र कालचा पशूच आजचा शिंगे कापणारा असतो. त्याला देण्याजोगे ज्ञान त्याच्यापाशी नसते, फक्त एक येणे बाकी असते, आणि ते तो भलत्याच माणसाकडून वसूल करतो.

सतराव्या शतकात जर्मनीत हे येणे चक्रवाढीने वसूल होऊ लागले. तीस वर्षांच्या युद्धाचा तो काळ. विद्यापीठाचा विधी एका दिवसात उरके; त्याच्यापाठोपाठ जुन्या विद्यार्थ्यांच्या प्रांतवार टोळ्यांनी नवागतावर साधारण वर्षभराची गुलामी लादली. या मुलांना ते 'पेनाल' म्हणत, लेखणीच्या डबीवरून. पेनालने आपले चांगले कपडे उतरवून द्यायचे आणि फाटके घालायचे, जोडे पुसायचे, जेवताना वाढायचे, दारूचे पैसे भरायचे, मारही खायचा. वर्ष भरले की त्याची मुक्तता, आणि दुसऱ्याच दिवशी नव्या पेनालवर हात टाकण्याचा अधिकार. विद्यापीठांनी बंदीहुकूम काढले, परंतु ते फोल ठरले. कारण साधे होते. येना येथून काढून टाकलेला दांडगट लाइपझिगला जाई आणि तेथे शुल्क भरून पुन्हा विद्यार्थी होई. विद्यापीठांना विद्यार्थी हवे होते. १६५४ मध्ये रेगेन्सबुर्ग येथे प्रॉटेस्टंट राज्यांनी एकत्र येऊन ठरवले की या अपराधासाठी काढलेल्या मुलाला कोणत्याच विद्यापीठाने घ्यायचे नाही. त्यानंतर, १६६० च्या दशकात, ही प्रथा खऱ्या अर्थाने मोडू लागली.

हे वाचताना १९९९ च्या महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियमाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड या शिक्षा त्यात आहेत, पण अधिक परिणामकारक कलम दुसरेच आहे. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला संस्थेतून काढायचे आणि पाच वर्षे अन्य कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश द्यायचा नाही. रेगेन्सबुर्गचे नाव तो मसुदा लिहिणाऱ्याने ऐकले होते की नाही कोण जाणे, परंतु अनुभवाने तो त्याच जागी येऊन पोचला. तक्रार येऊनही हालचाल न करणारा संस्थाप्रमुख अपराधाला साहाय्य करणारा समजला जाईल, असेही त्यात आहे. इथे जस्टिनियनच्या फर्मानातले ते अध्यापक आणि तो बिशप आठवतात.

इंग्लंडची कहाणी वेगळ्या वळणाची आहे आणि मला ती अधिक रमवते. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात अँथनी वुड १६४७ मध्ये दाखल झाला, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. पुढे त्या नगरीचा इतिहासकार म्हणून त्याचे नाव झाले. १६४८ च्या फेब्रुवारीतील सणाच्या रात्री भोजनगृहात नवागतांनी एकेक करून झगा उतरवून बाकावर उभे राहायचे आणि विनोदी भाषण करायचे, अशी तेथील रीत होती. भाषण चांगले झाले तर अंडी आणि मसाला घातलेले गरम पेय बक्षीस. बेताचे झाले तर थोडे ते पेय आणि थोडे मिठाचे पाणी. फसले तर नुसते मिठाचे पाणी, शिवाय 'टक'. टक म्हणजे खालच्या ओठाखाली अंगठ्याचे नख रुतवून हनुवटीपर्यंत ओढलेला ओरखडा, बहुधा रक्त निघेपर्यंत. मग मुख्य आचारी एका जुन्यापुराण्या जोड्यावर त्यांना शपथ देई आणि ते त्या जोड्याचे चुंबन घेत. वुडला गरम पेय मिळाले होते. त्याने आपले भाषण जपून ठेवले आणि आत्मवृत्तात उतरवलेही. यशस्वी झालेल्याच्या आठवणीत छळ हा नेहमी वक्तृत्वस्पर्धेसारखा उरतो. ज्यांच्या हनुवटीवर ओरखडे उमटले त्यांच्यापैकी कोणाचे आत्मवृत्त माझ्या वाचनात नाही.

नाही म्हणायला एक आहे, पण त्याने ओरखडा उमटूच दिला नाही. अँथनी ॲशली कूपर १६३७ मध्ये एक्झिटर कॉलेजात आला. श्रीमंत, उमराव घराण्यातला, वय सोळाच्या आतबाहेर. टक देण्याची रात्र जवळ आली तेव्हा त्याने त्या वर्षीच्या नवागतांना गाठून एकजूट केली. त्यांत कॉर्नवॉल आणि डेव्हनकडचे धिप्पाड गडी बरेच होते. पेम्ब्रोकच्या उमरावाचा मुलगा टक द्यायला पुढे सरसावला, तशी कूपरने त्याच्या कानशिलात भडकावली. हीच ठरलेली खूण होती. एकच धुमश्चक्री उडाली, मातीचे घडे आणि पेले चालले. शेवटी कॉलेजचे प्रमुख डॉक्टर प्रिडो आले, त्यांनी तहाची बोलणी केली, सगळ्यांना माफी दिली आणि ही मूर्ख चाल त्या कॉलेजातून कायमची बंद केली. हाच कूपर पुढे शाफ्ट्सबरीचा पहिला उमराव म्हणून इंग्लंडच्या राजकारणात गाजला, आणि बेकायदा कैदेविरुद्धचा १६७९ चा प्रसिद्ध हेबियस कॉर्पस कायदा संमत करून घेण्यात त्याचा मोठा वाटा होता. या दोन घटनांत कार्यकारणभाव जोडण्याचा मोह होतो. तो मी आवरतो. मात्र एक जाणवते. कूपरपाशी पैसा होता, कुळ होते आणि धिप्पाड मित्र होते. फीमाफीवर शिकणाऱ्या एकट्यादुकट्या मुलाने डॉक्टर प्रिडोंकडे तक्रार नेली असती, तर ती मूर्ख चाल त्यांना मूर्ख वाटली असती का?

सहन केलेला माणूस त्याच प्रथेचा कैवारी कसा होतो, याचे एक उत्तर १९५९ मध्ये एलियट ॲरनसन आणि जडसन मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगाने दिले. एका चर्चागटात प्रवेश मिळवण्यासाठी काही विद्यार्थिनींना संकोच वाटेल अशा कठोर परीक्षेतून जावे लागले, काहींना सौम्य परीक्षेतून. नंतर सर्वांना तीच, मुद्दाम कंटाळवाणी केलेली चर्चा ऐकवली. ज्यांनी अधिक सोसले होते त्यांना ती अधिक रंजक वाटली. एवढे सोसले ते फुकट होते, हे स्वतःशी कबूल करणे सोसण्यापेक्षाही जड जाते. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट सैनिकी अकादमीतील छळाची १९०१ मध्ये संसदीय चौकशी झाली. तेव्हा डग्लस मॅकआर्थर या तरुण छात्राची साक्ष झाली. व्यायामाच्या नावाखाली त्याला शरीर आकडीने थरथरू लागेपर्यंत राबवले गेले होते. साक्षीत मात्र त्याने आपल्या यातना होता होईल तो सौम्य करून सांगितल्या. पुढे १९१९ मध्ये त्याच अकादमीचा प्रमुख झाल्यावर त्याने नव्या छात्रांचे पहिले शिक्षण वरच्या वर्गातील छात्रांकडून काढून अधिकाऱ्यांकडे सोपवले. जे त्याने शपथेवर सांगितले नाही ते बहुधा या हुकमात सांगितले.

आपल्याकडे हा प्रकार 'रॅगिंग' या इंग्रजी नावानेच आला आणि त्याच नावाने राहिला. मराठीने त्याला आपला शब्द दिला नाही, यावरून तो आपला नव्हेच असा निष्कर्ष काढण्याइतका भाबडेपणा मात्र नको. इंग्रजी विद्यार्थीजीवनातून नाव आले, रीत आली, पण इथे तिने जातीची, प्रांताची, भाषेची, आरक्षणाची हत्यारे उचलली. १९९६ मध्ये तमिळनाडूत एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा खून झाला आणि पुढच्या वर्षी त्या राज्याने कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले. २००७ मध्ये राघवन समितीचा अहवाल आला. २००९ मध्ये हिमाचल प्रदेशात आणखी एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा मारहाणीत मृत्यू झाला, आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम निघाले. प्रत्येक नियमाच्या मागे असे कोणीतरी आहे. २०१९ मध्ये मुंबईत आदिवासी समाजातील एका निवासी डॉक्टरने आत्महत्या केली आणि तिच्या वरिष्ठ सहकाऱ्यांवर जातिवाचक छळाचा आरोप ठेवला गेला, तेव्हा महाराष्ट्राचा कायदा वीस वर्षांचा झाला होता. तिला शिंगांची टोपी कोणी घातली नव्हती. तिची शिंगे जन्मापासूनच ठरलेली होती, आणि ती कापून बरोबरीत घेण्याचा विधी कोणाच्याच डोक्यात नव्हता.

२००९ च्या विनियमांतील एका तरतुदीची फारशी चर्चा होत नाही. नव्या विद्यार्थ्यांना शक्य तोवर वसतिगृहाच्या वेगळ्या इमारतीत ठेवावे, असे त्यात म्हटले आहे. जागेअभावी अनेक ठिकाणी ती कागदावरच राहते. तिचे मोल समजून घ्यायचे तर पुन्हा मर्टन कॉलेजकडे वळावे लागेल. वुडच्या त्या भाषणानंतर थोड्याच महिन्यांत यादवी युद्धात जिंकलेल्या पार्लमेंटचे तपासनीस ऑक्सफर्डात आले आणि त्यांनी राजनिष्ठ अध्यापक-विद्यार्थ्यांना मोठ्या संख्येने काढून टाकले. जोडा, मीठ आणि टक यांवर कोणी बंदी घातल्याची नोंद वुडने केलेली नाही. पण शिकवणारे गेले, शिकलेले पांगले, आणि दर साल एकाने दुसऱ्याच्या हाती द्यायची वस्तू द्यायला कोणी उरले नाही. १६६० मध्ये राजा परत आला, पुष्कळ जुन्या चालीरीती परत आल्या. वुड पुढे आत्मवृत्तात लिहितो की ही रीत त्या कॉलेजात कोणाच्याही आठवणीपलीकडल्या काळापासून चालत आली होती, आणि आता ती पार विसरली गेली आहे. त्याच्या त्या पहिल्या रात्रीला तेव्हा पुरता एक पिढीचाही काळ लोटला नव्हता.